तीन तालुके, एक आकडा

नगर जिल्ह्यात लोक सहसा देवदर्शनाला जातात, नाहीतर किल्ला बघायला. मी गेले ते एक रकाना भरायला. हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. "तीन दिवस राहिलीस आणि शिर्डीला नाही गेलीस?" असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यासमोर विचारतात. नाही गेले. आणि जो रकाना भरायला गेले तो तरी नीट भरला का, हेही मला आज धड सांगता येत नाही. लिहिता लिहिता गुंता सुटतो का बघावं, म्हणून बसले आहे.

आधी रकाना म्हणजे काय ते सांगते. पुण्यात पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत मी सोळा वर्षं आकडेमोड करते. गाईगुरांचा खुराक किती खपला, कुठं खपला, कुणी खपवला, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गाईला मात्र मी या प्रवासाआधी कधी हात लावला नव्हता. दर एप्रिलात आमची कंपनी गावोगावच्या विक्री प्रतिनिधींना लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेते. याला सेल्स किकऑफ म्हणायचं. दोन दिवस भाषणं, नवी टार्गेटं, मैदानी खेळ, रात्री गाणी आणि सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट. यंदा नवे साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, "या सगळ्यातून कंपनीला परत काय मिळतं?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी चुकून साहेबांकडे बघितलं, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

मी रीत ठरवली ती सोपी होती. किकऑफच्या आधीच्या तीन महिन्यांतली प्रत्येकाची विक्री आणि नंतरच्या तीन महिन्यांतली विक्री शेजारीशेजारी मांडायची. जोडीला शेवटच्या दिवशी भरून घेतलेली परीक्षा होतीच, आणि तिच्या खाली एक प्रश्न: 'या दोन दिवसांत काय शिकलात?' बाकीचा महाराष्ट्र मुकाट्याने तक्त्यात बसला. घोडं पेंड खात होतं ते नगर जिल्ह्यात. जामखेडचा अस्लम शेख परीक्षेत पहिला आला होता आणि त्याची विक्री सपाटून पडली होती. कर्जतच्या दशरथ नानांनी पेपर जवळजवळ कोरा दिला होता, आणि त्यांची विक्री सगळ्या कंपनीत जास्त वाढली होती. काय शिकलात, याचं उत्तर त्यांनी तीन शब्दांत दिलं होतं: 'दोर सोडू नये.' साहेबांना ते इतकं भावलं की त्यांनी ते छापून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. आम्ही तीन महिने त्याच्याखाली बसून डबे खाल्ले.

साहेबांचा निर्णय झालेलाच होता. ज्याच्यावर किकऑफचा काडीचा परिणाम नाही, त्याचा करार संपला की वाढवायचा नाही. तसं नाव एकच निघत होतं, अस्लमचं, आणि त्याचा करार ऑगस्टअखेर संपत होता. "जिल्ह्यातली आपली तिन्ही माणसं एकदा जाऊन बघून या," साहेब म्हणाले. "सोमवारी मला एक आकडा आणि एक नाव हवं." म्हणजे एका माणसाची नोकरी माझ्या बॅगेत होती. मला ते तेव्हा नीटसं जाणवलं नव्हतं, कारण बॅगेत लॅपटॉपही होता आणि खांदा दुखत होता.

राहुरी

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. एसटीच्या पाटीवर नवं नाव, कंडक्टरच्या तोंडी जुनं, आणि प्रवासी दोन्हीला हात करतात. राहुरीला उतरवून घ्यायला आमचा तिथला प्रतिनिधी संतोष आला होता. पस्तिशीचा, कृषी पदविका घेतलेला, बोलण्यात असा की समोरच्याला श्वास घ्यायला त्याने मध्ये जागा ठेवली तर ठेवली.

"किकऑफ कसं झालं, संतोष?"

"लई भारी, मॅडम!"

"काय शिकलात?"

तो विचारात पडला. "पनीर चांगलं हुतं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही एका वाडीवरच्या दूध केंद्रावर गेलो. चहूकडे ऊस, पाटाला पाणी, हवा ओलसर. बायाबापडे कॅन घेऊन रांगेत. पुण्यात आपण पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारतो आणि त्याच्या उत्तराची आशेने वाट बघतो. इथे विचारायची पद्धतच नाही, कप थेट हातात येतो. चार कप झाले तेव्हा मी माझा छापील फॉर्म काढला आणि एका पागोटेवाल्या आजोबांना विचारलं, "आमच्या प्रतिनिधीमध्ये एप्रिलनंतर काही बदल जाणवला का?"

"जानवला की," आजोबा म्हणाले. "आधी एकच येत हुता. मागल्या म्हयन्यात तिघं आल्ती."

"तिघं?"

"व्हय. एक नुसता बडबडतो. एक जनावराचं तोंड उघडून दात बघतो, श्यान बघतो, मंग सांगतो काय घालायचं ते. आन एक लंगडत येतो, म्हाताऱ्यांत बसून चा पितो. पन तिसऱ्याचंच ऐकतात सगळी. माझ्या भावानं त्याच्या शब्दावर खुराक सुरू केला, बगा."

माझ्या यादीत राहुरीला एकच माणूस होता. मी संतोषकडे बघितलं. "मॅडम, उशीर व्हतोय," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, पुढे काही बोलला नाही.

त्या गडबडीत मी केंद्राशेजारच्या गोठ्यातून बाहेर पडायला गेले आणि माझी सँडल शेणाच्या चिखलात रुतली. मी पाय ओढला, पाय आला, पट्टा तिथेच राहिला. गोठ्याची मालकीण हसून हसून बेजार झाली. तिने माझे पाय स्वतः धुतले, मी नको नको म्हणत असताना, आणि स्वतःच्या रबरी चपला मला दिल्या. त्या दोन बोटं मोठ्या होत्या. पुढचा सगळा जिल्हा मी त्या फटक फटक करत बघितला.

दुपारी संतोषने मुळा धरणाजवळ एका छपराखाली जेवायला नेलं. धरणातले मासे, तिखट लावून तव्यावर परतलेले, आणि बाजरीची भाकरी. मी कोकणातली. गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्याकडे मासा म्हणायचीसुद्धा पद्धत नाही. पण आई इथे वाचायला येणार नाही, म्हणून सांगते, मी तीन खाल्ले. खाता खाता तिघांचा विषय मी दोनदा काढला. संतोषने दोन्ही वेळा मला काटे नीट काढायला सांगितले.

जामखेड

नगरहून पूर्वेला निघालं की ऊस मागे पडतो. मग बाजरी, तूर, उघडं माळरान, मैलामैलावर बाभळी. ऑगस्ट असूनही धूळ होती. जामखेडच्या स्टँडवर अस्लम उभा होता. एकोणतीस वर्षांचा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. परीक्षेत पहिला आलेला मुलगा जसा दिसावा तसाच दिसत होता. मला त्याच्याकडे सरळ बघवेना. मी कशासाठी आले आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने माझी बॅग उचलली.

आम्ही त्याच्या भागातल्या एका गावी गेलो. गावात बैल बरेच होते. एका दारात म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी टेकले आणि फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला, "जानेवारी ते मार्च तुम्ही कोणता खुराक घालत होता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "पौषात इथं कोन असतंय, बाई?"

"म्हणजे?"

"समदी उसाला. दिवाळी झाली की गाड्या जुपायच्या, बैलं घेऊन, पोरं घेऊन कारखान्याला. मागं आमी म्हातारी आन कोंबड्या. चैतात माघारी येतात. बैल तर असा यितो, बरगड्या मोजून घ्याव्यात. मंग त्याला खायला घालावंच लागतं की."

मी पेन खाली ठेवलं. सोळा वर्षं मी जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे रकाने आखत आले. त्या रकान्यांत जामखेडचं गाव मुळी नसतंच, बैलासकट शंभर कोसांवर असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. माझा 'आधी' हा आधी नव्हताच. एप्रिलात माणसं परत येतात, बैल परत येतात, खुराक खपतो. त्याला ना लोणावळा लागतो ना टी-शर्ट. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

पण भुग्यातूनही एक प्रश्न उरलाच. बैल परत आले, म्हणजे अस्लमची विक्री काही न करता वाढायला हवी होती. ती पडली कशी? तालुक्याच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने अस्लमच्या देखतच सांगितलं, "एप्रिल-मे दोन म्हयने अस्लमभाई दिसलाच न्हाई. गिऱ्हाइकं विचारून विचारून दुसऱ्या कंपनीचं पोतं घेऊन गेली."

"कुठे होतास?" मी विचारलं.

"बाहेर हुतो."

"बाहेर म्हणजे?"

"हुतो, मॅडम. बाहेर."

मला संताप आला. खरंच आला. दोन दिवस दुसऱ्याच्या चपला घालून मी या मुलाची बाजू शोधत फिरत होते आणि हा मला ताकास तूर लागू देईना. "अरे, मी हेच लिहू का? दोन महिने कामावर नव्हता, असं?"

"लिहा," तो म्हणाला. आवाज खाली होता. "खोटं न्हाई ते."

जेवायला त्याच्या घरी जावंच लागलं. त्याच्या अम्मीने अंबाडीची भाजी केली होती, वर कच्चं तेल आणि तळलेला लसूण, ज्वारीची भाकरी. आंबट भाजी मला आवडत नाही, ही मी दोनदा घेतली. अम्मी समोर बसून मला वाढत होत्या. आत त्याच्या दोन लहान मुली कुराण शिकून आल्या होत्या, त्या दारातून माझ्या चपलांकडे बघून हसत होत्या. "आमच्या अस्लमचं काम चांगलं हाय ना, बाई?" अम्मींनी विचारलं. मी तोंडात घास आहे असं दाखवून मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनाही कळलं नसेल आणि मलाही नाही. त्या घरात कमावणारा तो एकटाच होता.

कर्जत

कर्जतला मी निघाले ती चिडूनच. मनात नाव पक्कं झालं होतं, आकडा तेवढा राहिला होता. म्हटलं, नानांकडून दोर न सोडण्याचं तत्त्वज्ञान ऐकावं आणि घरी जावं.

दशरथ नाना चोपन्न वर्षांचे. गावाबाहेर त्यांचं रान आहे, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, एका कोपऱ्यात कांद्याचं रोप टाकलेलं. ते बांधावरून मला घ्यायला आले आणि मी बघतच राहिले. डावा पाय जरा ओढत होते. राहुरीचे आजोबा मला आठवले. लंगडत येतो, चा पितो.

घरात त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची वळलेली, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ली. मग मी विचारलं, "नाना, दोर सोडू नये, याचा नेमका अर्थ काय?"

"कुठला दोर?"

"तुम्ही परीक्षेत लिहिलं होतं. आमच्या भिंतीवर लावलंय."

नाना कावरेबावरे झाले. काकू मात्र खदखदा हसल्या. "अवो, रस्सीखेच खेळले न्हवं का ते तिथं! समद्यांनी दोर सोडला, ह्यांनीच तेवढा धरून ठिवला. गेले फरफटत!"

"सुमे, गप," नाना म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. पण मला घाईही होती, म्हणून मी पुढच्या विषयाकडे वळले. सहज, बोलण्याच्या ओघात, मी सांगून टाकलं की जामखेडच्या मुलाचा करार या महिन्यात संपतोय आणि आता काही तो वाढत नाही, दोन महिने गायबच होता तो.

नानांनी ताटली खाली ठेवली. "कुनी सांगितलं गायब हुता म्हनून?"

"त्यानेच."

 नाना उठले, आत गेले आणि एक मोठा पिवळा लिफाफा घेऊन आले. आत एक्स-रे होता. घोट्याचं हाड मोडलेलं मलासुद्धा दिसलं.

"लोनावळ्यालाच मोडला," नाना म्हणाले. "दुसऱ्या दिशी दुपारी. तसल्याच पायानं पेपर दिला. अस्लम आन संतोष, आमी तिघं एकाच खोलीत हुतो. तिघं एकाच बाजूला वढत हुतो. त्या दोघांनी मला वळखीच्या टेम्पोत घालून नगरला आनलं, प्लास्टर घातलं. कंपनीला कळवलं न्हाई. गेल्या साली पन्नाशीच्या पुढची दोन मानसं घरी घालवली, तुमाला म्हाईत आसंल."

मला माहीत होतं. ती यादी मीच काढली होती.

"दोन म्हयने मी ह्या खाटंवर. आन ही दोघं हितं, माझ्या गावागावांत. अस्लम तर आठवडाच्या आठवडा ह्याच पडवीत झोपायचा. त्याचं जामखेड पडलं, संतोषचं राहुरी पडलं, माझं वर गेलं. जे इकलं ते माझ्या नावावर लावलं त्यांनी. मी नगं म्हनलो."

"पण का?" मी विचारलं. मला खरोखर कळत नव्हतं.

उत्तर काकूंनी दिलं, एखाद्या ढ मुलीला समजवावं तसं. "सावड हाय ती, बाई. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते. पैशाचं काम न्हाई त्यात. पेरनीला, खुडनीला आमी तसंच करतो. ह्यांनी खुराक इकायला केलं."

पाय जमिनीला लागला तसे नाना सावड फेडायला निघाले होते. जुलैत तिघे राहुरीला, म्हणून संतोषचा आकडा माझ्या तक्त्यात सावरलेला होता. संतोषने बोलायचं, अस्लमने जनावर बघायचं, नानांनी म्हाताऱ्यांत बसायचं. एकट्यादुकट्याला जमलं नसतं असं काम होत होतं. आणि आता पाळी अस्लमची होती. ती त्यांनी मुद्दाम पोळ्याच्या आधीसाठी राखून ठेवली होती, कारण पोळ्याला बैलासाठी कुणी हात आखडत नाही. म्हणजे या मुलाच्या वाट्याचं पीक अजून उभंच होतं आणि मी ते नाही म्हणून लिहायला निघाले होते.

"त्याने मला सांगितलं का नाही मग?"

"कसं सांगंल? सांगितलं की माझा पाय आला."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. एकदाचं सगळं जुळलं होतं! परीक्षेचे गुण, पडलेली विक्री, वाढलेली विक्री. किकऑफ वाया गेलं नव्हतं. भाषणातून नाही, खेळातून नाही, मोडलेल्या पायातून का होईना, तीन माणसं एकत्र आली होती आणि जिल्ह्याचा खप वाढला होता. त्यातला किती सावडीचा आणि किती परत आलेल्या बैलांचा, हे मला वेगळं काढता येत नव्हतं, पण अस्लम तरी वाचत होता.

"नाना, हे मी साहेबांना सांगू?"

नाना अंगणाकडे बघत होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"सांगा," नाना म्हणाले. "खरं हाय ते लिहा. पोराची नोकरी जाता कामा नये."

निघताना काकूंनी मला हुलग्याचं पीठ बांधून दिलं. मी त्या रबरी चपलांनी बांधावरून जवळजवळ पळत गेले.

पुणे

सोमवारी मी साहेबांसमोर सगळं मांडलं. नीट, क्रमाने, तक्त्यासकट. सावड म्हणजे काय तेही सांगितलं.  साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "छान. फारच छान काम केलंत. म्हणजे जामखेडचा मुलगा ठेवू या. चांगला आहे तो."

"हो सर."

"म्हणजे दोन महिने दोन माणसांनी तीन तालुके सांभाळले."

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला पुढचं वाक्य दिसलं.

"आणि खप पडला नाही, उलट वाढला," साहेब म्हणाले. "एका माणसाचा वर्षाचा पगार. बघा, आला ना आकडा? किकऑफचा इतका स्वच्छ फायदा मला आजवर कुणी दाखवला नव्हता."

मी पुष्कळ बोलले. तिसरा माणूस आला तेव्हाच राहुरीत काम झालं, म्हाताऱ्यांत बसणारा तोच, लोक त्याचंच ऐकतात. साहेब म्हणाले, हे मोजलंय का? मोजलं नव्हतं. पागोटेवाल्या आजोबांचा फॉर्म मी भरलाच नव्हता, चहाच्या नादात. मग मी म्हटलं, बैलांमुळे वाढ झाली असेल. ते म्हणाले, मग तर माणूस आणखीच नको. जे बोलायला जाईन ते नानांच्याच अंगावर उलटत होतं. शेवटी मी तक्ता गुंडाळला. बाहेर आले तर समोर भिंतीवर तो दोर.

नानांना पत्र गेलं बुधवारी. फोन करायला मला शुक्रवार उजाडला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवलं तर शपथ.

"नाना, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. "मला हे असं होईल असं..."

"तुमचं कुठं चुकलं? मी सांगितलं म्हनून तुमी लिहिलं."

"पण तुमची नोकरी गेली."

"ती जानारच हुती. सुमीला आन मला म्हाईतच हुतं, तुमी उठून उभ्या ऱ्हायलात तवाच." मग जरा थांबून, अगदी साधेपणाने, त्यांनी विचारलं, "तुमाला न्हवतं व्हय?"

  सोळा वर्षं मी या कंपनीत आहे, साहेबलोक कसा विचार करतात हे मी चहा घेताना सांगते लोकांना. आणि त्या दिवशी मला माहीत नव्हतं? की माहीत होतं, पण रकाना भरल्याच्या आनंदात मी तिकडे बघितलंच नाही? मी रोज रात्री जेवताना ठरवते की नव्हतं, आणि सकाळी पुन्हा शंका येते. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, विसर आता. मला लाज वाटते, आणि ती कुठल्या बाजूची आहे तेही कळत नाही.

फोनवर मी रडत होते बहुतेक, कारण नाना म्हणाले, "आवो मॅडम, आसं काय करता? हिकडं रोप लावनीला आलंय. मजूर मिळत न्हाई. रविवार-सोमवार अस्लम आन संतोष यायलेत. सुमी म्हनती, बाईला इचारा, येती का. सावडीला एक मानूस कमी पडतंय."

"मला कांदा लावता येत नाही, नाना."

"शिकाल की. वाकायचं, दुसरं काय!"

सोमवारच्या रजेचा अर्ज मी साहेबांसमोर ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं, 'कांद्याची लागण'. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "तुमची शेती आहे?" म्हणाले.

"नाही."

"मग काय मिळणार तिथे तुम्हाला?"

"काही नाही, सर," मी म्हटलं. "माझ्याकडून फेड राहिली आहे."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी सही केली.